एका तक्त्यासाठी सात महिने

निवृत्तीला पाच महिने उरले असताना आस्थापना शाखेतून निरोप आला, "ताई, पडताळणी पथकाचा आक्षेप आलाय." हे पथक सेवापुस्तकातली वेतननिश्चिती तपासतं. 2010 मध्ये आश्वासित प्रगती योजनेचा (बढती न मिळालेल्यांना ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी) लाभ देताना माझी एक वेतनवाढ जादा लागली होती म्हणे. वेतननिश्चिती कार्यालयाने केली, सही साहेबांची, आणि अतिप्रदान, म्हणजे जादा दिलेला पगार, मात्र माझ्या नावावर. 2 लाख 37 हजार, उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) वळते करणार. वेतन दुरुस्त झालं, पेन्शनही त्या कमी वेतनावर बसली. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, चूक ती चूकच. पण बारा-तेरा वर्षं खर्च झालेला पगार परत कुठून आणायचा?

मी एकच साधी गोष्ट मागितली. हा आकडा आला कुठून, त्याचा महिनावार तक्ता द्या.

इथेच सगळं अडलं. आस्थापना म्हणे, तक्ता लेखा शाखेत आहे. लेखा शाखा म्हणे, पथकाकडे. पथकाकडे गेले तर उत्तर मिळालं, "आम्ही फक्त आक्षेप नोंदवतो, हिशोब तुमचं कार्यालय करतं, सेवापुस्तक केव्हाच परत पाठवलंय." परत आले तर टेबलावरच्या बाई रजेवर. पुढच्या खेपेला बाई हजर, पण कपाटाची किल्ली साहेबांकडे आणि साहेब बैठकीला. मी स्वतः तेहतीस वर्षं लिपिक होते. "उद्या या" मीही लोकांना म्हटलंय, खोटं कशाला बोलू. समोरच्या बाकावर बसल्यावर ते शब्द कसे लागतात ते मात्र आत्ता कळलं.

तीन महिने असे गेल्यावर माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. आपल्या राज्याच्या नियमात तसंच आहे, लांबलचक कैफियत लिहिलीत तर तेच निमित्त होतं. "मला न्याय द्या" असं तर लिहूच नका, कागद मागा: वसुलीचा महिनावार तक्ता, मूळ वेतननिश्चितीचा आदेश, आक्षेपाची प्रत. तीस दिवस उलटले, उत्तर नाही. वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं. सुनावणीत माहिती अधिकारी म्हणाले, "माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे आहे." मी म्हटलं, मग कलम 6(3) प्रमाणे पाच दिवसांत अर्ज तिकडे का नाही पाठवलात? ते गप्प. दोन आठवड्यांत तक्ता हातात, पानाला दोन रुपये भरून.

तक्ता उघडला आणि हसावं की रडावं कळेना. 2013 मधल्या माझ्या बिनपगारी रजेचे चार महिनेही त्यात धरले होते! जो पगार मिळालाच नाही त्यातलं जादा परत करा.

हो, एक आधी सांगायचं राहिलं. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती करा आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. तोंडी "दिलंय" याला काडीची किंमत नाही.

मग सविस्तर निवेदन दिलं. आधार सर्वोच्च न्यायालयाचा, पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह, 18 डिसेंबर 2014. कर्मचाऱ्याने लबाडी केलेली नसेल, तर गट क आणि ड कर्मचाऱ्यांकडून, निवृत्तांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, तसंच पाच वर्षांहून जास्त काळ चाललेल्या अतिप्रदानाची वसुली करता येत नाही. मी तिन्हीत बसत होते. कार्यालयाने माझं जुनं हमीपत्र काढलं, "जादा रक्कम परत करीन" असं सही केलेलं. वेतन आयोगाच्या वेळी सगळ्यांकडून घेतात तेच. सोबत सर्वोच्च न्यायालयाचाच जगदेव सिंग प्रकरणाचा 2016 चा निकाल: असं हमीपत्र दिलेलं असेल तर वसुली करता येते. मी उत्तरात लिहिलं, ते न्यायिक अधिकारी होते, मी वरिष्ठ लिपिक. यावर "वरिष्ठांचं मार्गदर्शन मागवले आहे" एवढं एकच पत्र आलं.

मार्गदर्शनाची वाट बघत बसू नका. निवेदनाला सहा महिने उत्तर नाही आलं की मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जाता येतं, आणि तिथून पुढे मुदत एक वर्षाचीच असते. (जिल्हा परिषदेवाल्यांनी मात्र वकिलाला आधी विचारावं, त्यांचं मॅटकडे जात नाही.) मी गेले. वकील शोधणं, तारखा, ते सगळं कंटाळवाणं होतं पण सरळ पार पडलं. वसुली रद्द झाली.

आदेश घेऊन गेले त्या दिवशी आस्थापनेत कुणी मान वर केली नाही. मी मात्र मुद्दाम नवी साडी नेसून गेले होते.

उपदानाची कापलेली रक्कम खात्यात जमा झाली. उशिराच्या उपदानावर व्याज मिळावं म्हणून निवृत्तिवेतन नियम 129-अ खाली अर्ज केलाय. चौकशीला गेले तर टेबलावरच्या बाई म्हणाल्या, व्याजाचा तक्ता लेखा शाखेत आहे.