बाटलीतल्या त्या बारीक जिवांबद्दल, तुम्ही विचारलंत म्हणून

ओढ्यातून मूठभर पाला किंवा शेवाळ आणलं, बाटलीत काहीतरी बारीक वळवळताना दिसलं. हे काय आहे, आणि टाकीतल्या माशांना खायला घातलं तर चालेल का? हा प्रश्न मला सतत येतो, सोबत बहुतेक वेळा एक धूसर फोटो असतो. फोटोवरून मी नाव सांगत नाही. मी विचारते, ते चालतं कसं?

दोन-तीन मिलिमीटरच्या जिवाचे पाय मोजायला भिंग लागतं, पण चाल नुसत्या डोळ्यांनी दिसते. पांढऱ्या पसरट ताटात बोटभर खोलीचं ओढ्याचंच पाणी घ्या, पाला त्यात झटका आणि पाच मिनिटं हात न लावता बघा. कुशीवर पडून, वाकडं अंग झटकत तळाशी घसटत पळणारा असेल तर तो अँफिपॉड, कोळंबीचा बारीकसा नातेवाईक. दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा चपटा असल्यामुळे त्याला कुशीवरच सोयीचं पडतं. मोठा नर लहान मादीला पोटाशी धरून फिरतानाही दिसतो. याउलट वरून दाबल्यासारखा, पाल्यावर संथ चालणारा आणि सहसा न पोहणारा तो आयसोपॉड, कुंडीखाली सापडणाऱ्या राखाडी किड्याचा पाण्यातला भाऊबंद. टुणटुण उड्या मारत पाण्यात वर-खाली होणारा डॅफ्निया. तो वाहत्या धारेत क्वचितच मिळतो, काठच्या साचलेल्या डबक्यात मिळतो. सायक्लॉप्स छोट्या छोट्या झटक्यांनी पुढे सरकतो आणि त्याच्या मादीच्या शेपटीशी अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबतात. डाळीच्या दाण्यासारखा, दोन शिंपांत मिटलेला ऑस्ट्रॅकॉड असतो. मासे तो पुष्कळदा तोंडात घेऊन थुंकतात.

खरी काळजी घ्यायची ती तीन शेपट्यांच्या बाबतीत. मेफ्लाय हा उडणारा किडा, पण त्याचं पिल्लू पाण्यात वाढतं. त्या पिल्लाला बहुधा तीन दोऱ्यासारख्या शेपट्या असतात आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना हलणारे कल्ले. टाचणीच्या, म्हणजे चतुराच्या सडपातळ भाऊबंदाच्या, पिल्लालाही मागे तीनच टोकं, पण ती पानासारखी रुंद, आणि तेच त्याचे कल्ले. पोटाच्या बाजू मोकळ्या. पहिलं बरचसं शेवाळ आणि कुजका पाला खाणारं, दुसरं शिकारी. सुरुवातीच्या दिवसांत मी हा फरक न बघता एक टाचणीचं पिल्लू माशांच्या पिल्लांत सोडलं होतं. रोज दोन-तीन पिल्लं कमी होत होती आणि मी पाण्यात दोष शोधत होते. त्याचा आणि त्याच्या भावंडाचा, म्हणजे चतुराच्या पिल्लाचा, खालचा ओठ घडी घातलेला असतो. तो झटक्यात पुढे येऊन भक्ष्य पकडतो. ते अजूनही मला आठवतं, म्हणून ताटात शिकारी दिसला की मी तो आधी बाजूला काढते आणि जिथून आणला तिथेच लगेच सोडते. विळ्यासारख्या जबड्याची पाणभुंग्याची अळीही तशीच. काचेला चिकटलेला, तोंडाभोवती दोऱ्यांचा झुपका असलेला हायड्रा आणि त्रिकोणी डोक्याचा, चपटा प्लॅनेरियनही टाकीत जाऊ देऊ नका.

आता खायला घालण्याबद्दल. आज आणलेलं आज घालू नका. चांगलं धुतलं तरी नाही, कारण धोका अंगाच्या आत असतो. काही काटेरी डोक्याच्या जंतांचं बालपण अँफिपॉडच्या पोटात जातं आणि पुढचं आयुष्य माशाच्या आतड्यात. कवचातून एखादा नारिंगी ठिपका दिसला तर तो असा जंत असू शकतो. कमॅलॅनस नावाचे लाल जंत, जे माशाच्या गुदद्वारातून बाहेर डोकावतात, ते सायक्लॉप्समधून जातात. पण यातच सुटकेची वाटही आहे. हे जंत आईकडून पिल्लांकडे जात नाहीत. माशाच्या विष्ठेतून पाण्यात पडलेली त्यांची अंडी किंवा अळ्या या जिवांनी गिळल्या तरच लागण होते. म्हणजे मासे नसलेल्या टबात जन्मलेला अँफिपॉड या जंतांपासून बहुधा मुक्त असतो. म्हणून मी म्हणते, ओढ्यातून आई आणा, माशांना तिची नातवंडं द्या.

टब खोल नको, पसरट हवा. अँफिपॉडला हवेच्या बुडबुड्यांचा दगड किंवा स्पंज फिल्टर लावा, सावलीत ठेवा. वाहत्या थंड पाण्यातली जात असेल तर उकाड्यात ती आधी दगावते. क्लोरिन काढलेलंच पाणी वापरा. तांबं असलेलं माशांचं औषध तर थेंबभरही नको, कवचधारी जीव त्याने मरतात. आणि पुष्कळ जण कौतुकाने करतात ते करू नका, म्हणजे माशांच्या टाकीतलं जुनं पाणी टबात ओतणं. मोडलेली साखळी त्याने पुन्हा जुळते. खायला कुजायला लागलेला सुका पाला पुरतो. पाला संपला की ते एकमेकांना, त्यातही नुकती कात टाकलेल्या मऊ अंगाच्यांना, खातात. तळाशी पांढुरक्या रिकाम्या आकृत्या दिसल्या तर मेले समजून घाबरू नका, ती बहुधा कातच असते.

मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत सांभाळते आणि बाहेर येतात ती मोठ्यांचीच बारीक प्रतिकृती. एवढीशी पिल्लं लहान तोंडाच्या माशांनाही झेपतात, मोठ्यांचं टणक कवच मात्र मोठ्या माशांसाठीच ठेवा.

ओढ्यावर एकदाच जा, तेही परवानगी असेल तिथे आणि अर्धा पेला भरेल इतकंच घेऊन. टबातलं पाणी किंवा वाढलेले जीव परत ओढ्यात टाकू नका. पहिल्या खेपेच्या मोठ्या माद्या माशांना न देता तशाच ठेवा. पाल्याखाली पिल्लं दिसू लागली की ती वाढवा, आणि त्यांचीही पिल्लं झाली की ड्रॉपरने दहा-बारा उचलून टाकीत सोडा.