बीपीएमचा ग्रुप आणि ‘पेंडिंग’चं बटण : माझा अनुभव

काम नेमकं कुठे थांबतं ते शोधायला शिकवणारा लिंक्डइनवरचा ग्रुप, आणि त्यात शिरायची विनंतीच थांबलेली. बटणावर ‘पेंडिंग’. कोणाकडे पेंडिंग, किती दिवस, नाकारली तर कळवणार का, कशाचा पत्ता नाही. सभासद हजारोंनी, दारावर मात्र माणूस नाही. ग्रुपचं नाव घेत नाही, कारण अशी तऱ्हा एकट्या त्याची नाही. जळगाव-धुळ्याकडून बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट (बीपीएम, म्हणजे कामाची प्रक्रिया टप्प्याटप्प्याने मांडून सुधारणं) शिकायला लिंक्डइनवर जाणारा बहुधा इथेच अडकतो, म्हणून बाकीचं झटकन सांगतो आणि हे सविस्तर.

शोधताना नुसतं ‘बीपीएम’ टाकू नका. डाक खात्यातले ब्रँच पोस्टमास्तरही बीपीएम, आणि कॉल सेंटरवाल्यांचा धंदाही आयटी-बीपीएम. भरतीच्या जाहिरातींखाली कामाचं सगळं गाडलं जातं. विषयाचं पूर्ण इंग्रजी नाव दुहेरी अवतरणचिन्हांत टाका, पुढे ‘अँड’, आणि कंसात ‘बीपीएमएन’ ऑर ‘प्रोसेस मायनिंग’. पहिली प्रक्रिया रेखाटण्याची चित्रलिपी, दुसरं म्हणजे संगणकातल्या नोंदींवरून प्रक्रिया खरी कशी चालते ते शोधणं. अँड, ऑर, नॉट हे शब्द कॅपिटल अक्षरांतच हवेत. मग वर ‘पोस्ट्स’ निवडा आणि गेल्या महिन्याचा फिल्टर लावा. ‘पीपल’ची यादी मोठी दिसते, पण त्यात नुसते हुद्दे असतात. माणसाला काय येतं ते पोस्टवरून कळतं.

‘फॉलो’ करायला कोणाची परवानगी लागत नाही, हे बरेचजण विसरतात आणि उगाच ‘कनेक्ट’च्या मागे लागतात. प्रोसेस मायनिंगसाठी जर्मनीत आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठातले विल व्हान डेर आल्स्ट, एकूण बीपीएमसाठी एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठाचे मार्लन डुमास, एवढ्यापासून सुरुवात केली तरी भरपूर आहे. त्यांच्या पोस्टखाली कोण जाणकार उत्तरं देतं ते बघत पुढची नावं जमवायची.

आता ग्रुप. ‘जॉइन’ दाबण्याआधी तो जिवंत आहे का ते तपासा. ग्रुपच्या पानावर ॲडमिनची नावं असतात. प्रत्येकाच्या प्रोफाइलवर जाऊन ‘ॲक्टिव्हिटी’ बघायची. शेवटची हालचाल वर्षभरापूर्वीची असेल तर त्या दारात उभं राहण्यात अर्थ नाही. नोकरी बदलली, विषय सुटला, ग्रुप मात्र नावावर तसाच राहिला, असं फार दिसतं. ग्रुप पब्लिक असेल तर आतल्या पोस्ट बाहेरूनही वाचता येतात. तिथे वेबिनारच्या जाहिराती आणि कुठल्याच प्रश्नाखाली उत्तर नाही असं चित्र असेल, तर आत जाऊन तरी काय करणार?

ॲडमिन जागा असला तरी तो काय बघतो? फक्त प्रोफाइल, आणि तेही दोन-चार सेकंद. फोटो नसलेलं, गावाचं नाव नसलेलं, हेडलाइनमध्ये ‘संधीच्या शोधात’ लिहिलेलं खातं त्याला जाहिरातवाल्याचं बनावट खातं वाटतं. हेडलाइनला २२० अक्षरं मिळतात, त्यात कामाचं लिहा. ‘जळगाव एमआयडीसीतल्या डाळ मिलमध्ये खरेदी ते पेमेंट ही प्रक्रिया सांभाळतो, बीपीएमएन शिकतो आहे’ अशा अर्थाचं सरळ इंग्रजी वाक्य पुरतं. आपल्याकडच्या मुलांना वाटतं की डाळ मिल, चटई, पाइप, केळीचं पॅकिंग हे लिहायला कमीपणाचं. म्हणून ‘मॅनेजमेंट प्रोफेशनल’ लिहितात. उलट आहे भाऊ. बँक आणि विमा कंपन्यांच्या प्रोसेस वाचून तिथली मंडळी कंटाळलेली असतात. सावद्याहून तेरा किलोच्या खोक्यांतून केळी कशी निघतात, हे त्यांनी कधी पाहिलेलं नसतं.

एवढं करूनही ‘पेंडिंग’च राहिलं, तर त्या वाट पाहण्याचंच चित्र काढा. चिडून सांगतोय असं वाटेल, आणि थोडं तसं आहेही, पण बीपीएमएनचा सर्वात उपयोगी भाग यातूनच शिकता येतो. बीपीएमएन म्हणजे प्रक्रिया रेखाटण्याची ठरलेली चित्रलिपी. तिची २.० आवृत्ती ओएमजी (ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप) या संस्थेने जानेवारी २०११ मध्ये काढली आणि २०१३ मध्ये तिला आयएसओ १९५१० हा क्रमांक मिळाला. गोल म्हणजे घटना, गोलसर कोपऱ्यांचा आयत म्हणजे काम, पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार म्हणजे गेटवे, वाटा फुटतात किंवा जुळतात ती जागा. बारीक रेघेचा गोल सुरुवात, दुहेरी रेघेचा मधली घटना, जाड रेघेचा शेवट.

अर्जदाराच्या बाजूने काढायचं तर ‘विनंती पाठवली’ यानंतर इव्हेंट-बेस्ड गेटवे येतो. त्यापुढे तीन फाटे: ‘मंजूर’चा निरोप, ‘नामंजूर’चा निरोप आणि घड्याळ. जे आधी घडेल तो फाटा चालू, बाकीचे दोन बंद. साधा एक्सक्लूसिव्ह गेटवे इथे चालत नाही, कारण तो हातात असलेल्या माहितीवर निर्णय घेतो, आणि आपल्या हातात तर काहीच माहिती नसते. नवशिक्यांची बरीच चित्रं याच एका गेटवेपाशी चुकतात.

घड्याळात मुदत लिहायची ती आयएसओ ८६०१ पद्धतीने. सात दिवस म्हणजे पी-७-डी, अठ्ठेचाळीस तास म्हणजे पी-टी-४८-एच. ‘टी’ नंतर फक्त तास, मिनिटं, सेकंद येतात, म्हणून पी-टी-७-डी लिहिलं की इंजिन, म्हणजे हे चित्र वाचून काम चालवणारं सॉफ्टवेअर, फाइल नाकारतं. त्याहून वाईट म्हणजे ‘एम’. टी च्या आधी एम आला तर महिने, नंतर आला तर मिनिटं. पी-५-एम म्हणजे पाच महिने. लिहिणाऱ्याच्या मनात पाच मिनिटं असतात, इंजिन कसलीच तक्रार करत नाही आणि काम दिवाळीपर्यंत झोपून राहतं.

आता ग्रुपच्या बाजूने बघा. ‘विनंती तपासा’ हे एकच काम, एका माणसाच्या लेनमध्ये (चित्रातल्या त्याच्या पट्ट्यात), आणि त्याला घड्याळच नाही. तो माणूस गेला की सगळं तिथेच साचतं. खरं तर त्या आयताच्या काठावर दोन टायमर हवेत. एक तुटक दुहेरी रेघेचा, म्हणजे मूळ काम न थांबवता फक्त आठवण करून देणारा. दुसरा अखंड दुहेरी रेघेचा, म्हणजे मुदत संपली की काम त्या माणसाच्या हातून काढून दुसऱ्या ॲडमिनकडे देणारा. एवढं शिकवणाऱ्यांनी स्वतःच्या दारावर ते लावू नये, याचा राग अजून गेलेला नाही.

तोपर्यंत घड्याळ आपल्या हातात ठेवा. सात दिवस पुरेत. ॲडमिनला निरोप पाठवायचा तर दोन वाक्यांत: मी अमुक काम करतो, तमुक प्रक्रियेबद्दल विचारायचं आहे. ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू होणारं अर्जासारखं पान कोणी वाचत नाही. उत्तर नाही आलं तर ‘ग्रुप्स’च्या पानावर ‘रिक्वेस्टेड’ या भागात जाऊन विनंती मागे घ्या आणि दुसरीकडे वळा. एक सांभाळा, एखाद्या व्यक्तीला पाठवलेली कनेक्शनची विनंती मागे घेतली तर त्याच व्यक्तीला पुन्हा पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. म्हणून तिथे घाई नको.

आत प्रवेश मिळाला तरी हायसं वाटून घेऊ नका, कारण कित्येक ग्रुपांत पोस्टलाही ॲडमिनची मंजुरी लागते. म्हणजे तीच रांग पुन्हा. पहिल्याच पोस्टमध्ये लिंक असली की ती जाहिरात समजली जाते, म्हणून पहिला प्रश्न बिनलिंकचा आणि चित्रासह. माझं मत विचाराल तर ग्रुपच्या नादी न लागता जाणकारांच्या पोस्टखालच्या कॉमेंटमध्ये नेमका प्रश्न विचारणं केव्हाही बरं. तिथे मंजुरी नाही आणि लिहिणारा माणूस त्या दिवशी नक्की जागा असतो.

नेमका प्रश्न म्हणजे कसा? ‘बीपीएम कसं शिकू’ याला ‘कोर्स करा’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी एक प्रक्रिया, एक चित्र, एक आकडा. उदाहरणार्थ बारदानाच्या पुरवठादाराचं बिल: गेटवर नोंद, माल मोजून पावती, खरेदी ऑर्डर-पावती-बिल यांची जुळवणी, शेटजींची सही, एनईएफटी. टेबलावर सरासरी ६० बिलं पडून असतात आणि रोज १२ निघतात, तर एका बिलाला सरासरी ५ दिवस लागतात. हा लिटलचा नियम. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. आवक आणि निकास साधारण सारखे असतील तरच तो लावायचा; तुरीच्या हंगामात, बाजार समितीतून गाड्यांवर गाड्या येत असताना, हे गणित फसतं.

सहीचा टप्पा बघितलात? तीच ग्रुपची गोष्ट: एक माणूस, एक काम, घड्याळ नाही. शेटजी लग्नाला सुरतेला गेले की बिलं थांबली. आणि इथे मुदत कायद्याने ठरलेली आहे. बारदान बनवणारा उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघुउद्योग असेल, तर लेखी करार नसल्यास माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत, करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. १९६१ च्या आयकर कायद्यात ४३बी(एच) म्हणून आलेल्या तरतुदीमुळे २०२३-२४ पासून, मुदत टळली तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी वजा मिळतो. मार्चअखेर हे महागात पडतं. म्हणून सहीच्या आयतावर दहाव्या दिवसाची तुटक रेघेची आठवण लावा. पण ती मोजायची माल स्वीकारल्यापासून, म्हणून घड्याळात पी-१०-डी नको, ठरलेली तारीख लिहा. बिल टेबलावर आल्यापासून मोजलीत, तर गेट आणि जुळवणीत गेलेले दिवस हिशोबातून गळतात आणि १५ दिवस कधी संपले ते कळतही नाही.

चित्र टाकण्याआधी जाणकार सर्वात आधी पकडतील त्या तीन चुका काढून टाका. एक, अखंड बाण एका पूलमधून (एका पक्षाच्या मोठ्या चौकटीतून) दुसऱ्यात जात नाही. पुरवठादार आणि मिल यांच्यामध्ये तुटक बाण, म्हणजे निरोप. दोन, एक्सक्लूसिव्ह गेटवेने फोडलेले फाटे पॅरलल गेटवेने (सगळे फाटे एकदम चालवणाऱ्या) जोडू नका. एकच फाटा चालू असतो आणि पॅरलल दोघांची वाट बघत बसतो, काम कायमचं अडकतं. तीन, याच्या उलट: पॅरललने फोडून एक्सक्लूसिव्हने जोडलं की पुढचं काम दोनदा होतं. पुढचं काम पेमेंट असेल तर काय होईल ते सांगायला नको.

चित्रासाठी पैसे लागत नाहीत. बीपीएमएन-डॉट-आयओवर ब्राउझरमध्येच काढता येतं, पण तिथून चित्र एसव्हीजीमध्ये निघतं आणि लिंक्डइन एसव्हीजी घेत नाही. कॅमुंडा मॉडेलर उतरवून घ्या, तोही मोफत आहे, त्यातून पीएनजी निघतं. मोबाइलवर वाचता यावं म्हणून एका चित्रात दहा-बारा कामांपेक्षा जास्त नको.

बिलाचा स्क्रीनशॉट टाकायचाच असेल तर नावांबरोबर जीएसटी क्रमांकही झाका. २७ हा महाराष्ट्राचा आकडा सोडला की पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या माणसाचा पॅनच असतो.

प्रोसेस मायनिंगवर विचारणार असाल तर टॅलीतून काढलेल्या तारखा तशाच देऊ नका. केस क्रमांक (इथे बिलाचा क्रमांक), काम आणि वेळ हे तीन रकाने लागतात, पण व्हाउचरची तारीख ही काम झाल्याची वेळ नसते. आठवडाभराची बिलं शनिवारी मागच्या तारखांनी चढवायची पद्धत सगळीकडे आहे. एडिट लॉगमधली (टॅलीत कोणती नोंद कधी केली, कधी बदलली त्या यादीतली) नोंदीची वेळ घ्या. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून ऑडिट ट्रेल असलेलं सॉफ्टवेअर सक्तीचंच आहे, त्यामुळे ती सापडायला हवी. भागीदारी किंवा मालकी फर्मला ती सक्ती नाही, तिथे लॉगची सोय असलेली आवृत्ती चालू आहे का ते आधी बघा. नसेल तर गेटचं रजिस्टर, वजनकाट्याच्या पावत्या आणि बँकेचं स्टेटमेंट जुळवून तीन टप्प्यांच्या वेळा तरी मिळतात.

आणि पोस्टची वेळ. या विषयातली बरीच मंडळी जर्मनी-नेदरलँड्समधली. तिथले सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे दीड, हिवाळ्यात अडीच. जेवणाच्या सुट्टीत टाकलं की बरोबर बसतं. रात्री दुकान आवरून दहाला टाकलं तर तिकडेही संध्याकाळ असते आणि सकाळपर्यंत ते खाली गेलेलं असतं.