आधी पाठ बघ!
आज दुपारभर टपाल तिकिटवाल्या काकांकडे होतो. स्वित्झर्लंडमध्ये छापलेलं १९४८चं गांधीजींचं बारा आण्यांचं तिकीट दाखवलं, तर म्हणाले, "चेहरा नंतर, आधी पाठ बघ." चिमट्यात धरून उजेडात तिरकं केलं. डिंक एकसारखा चकचकीत, हिंजचा, म्हणजे तिकीट अल्बमात लावायच्या छोट्या कागदी पट्टीचा, डाग नाही. डाग असता तर भाव उतरलाच! म्हणून लबाड लोक जुन्या तिकिटाला नवा डिंक चढवतात. पण तो कडेच्या दात्यांत उतरतो, दाते कडक होतात आणि जाणकाराला लगेच कळतं. १८४०च्या पेनी ब्लॅकपासून, म्हणजे जगातल्या पहिल्या टपाल तिकिटापासून, चाटायसाठीच असलेला हा डिंक, आणि आम्ही त्याला बोटही लावत नाही! मुंबईच्या पावसाळ्यात तिकिटं अल्बमलाच चिकटतात. पाण्यात भिजवून निघतात हो, पण मग डिंक गेला आणि भावही.