वारीसाठी मिररलेस घेताना आधी लेन्स ठरवली

वारीत लेन्स बदलायला उसंतच मिळत नाही. दिवे घाटात वर धूळ, मधूनच पावसाची सर, मागून दिंडीचा रेटा आणि "माउली, सरका, सरका". माझ्याकडे निकॉन डी७५० हा आरसा असलेला डीएसएलआर कॅमेरा होता आणि सोबत २४-८५ व ७०-३०० या दोन लेन्स. पताकांची लांबलचक रांग टिपावी तर तेवढ्यात वीणेकऱ्याचा चेहरा समोर यायचा, आणि हवी ती लेन्स पिशवीत. म्हणून मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, घ्यायचं ठरल्यावर मी बॉडीकडे नंतर वळलो.

आधी वारीतले जुने फोटो कॉम्प्युटरवर फोकल लेंथप्रमाणे लावून पाहिले (लेन्सचा हा मिलिमीटरमधला आकडा जितका मोठा, तितकं दूरचं जवळ दिसतं). मनाला भिडलेले बहुतेक फोटो २४ ते ११० मिलिमीटरच्या आतले निघाले. २०० च्या पुढचे होते ते जवळजवळ सगळे रिंगणातले, माउलींच्या अश्वाचे. त्यावरून निकॉनची झेड २४-१२० एफ/४ नक्की झाली (एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून जास्त प्रकाश येतो). दुकानात २४-७० एफ/२.८ हातात दिली होती. लेन्स सुरेखच, पण वारीत ७० वर हात बांधले जाणं मला चालणार नव्हतं. बॉडी झेड सिक्स टू घेतली. तिच्यातच स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरायची सोय आहे, त्यामुळे लेन्समध्ये तीच सोय (व्हीआर) नसली तरी अडत नाही.

वजनाचा फरक पहिल्याच दिवशी खांद्याला कळला. डी७५० आणि दोन लेन्स मिळून जवळजवळ दोन किलो भरायचे. आता ७०५ ग्रॅमचा कॅमेरा आणि ६३० ग्रॅमची लेन्स. ही लेन्स ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करते, तेही १२० वर. विसाव्याच्या ठिकाणी एका आजोबांच्या हातातले टाळ मी असे टिपले: पितळेवरची झीज, दोरीची गाठ, अंगठ्याच्या पेरातली बुक्क्याची काळी रेघ. पूर्वी याच्यासाठी मॅक्रो लेन्स न्यावी का, असा विचार करत असे.

उन्हात पांढरी धोतरं आणि टोप्या फार लवकर जळतात, म्हणजे त्यातला तपशील पार निघून जातो. आता व्ह्यूफाइंडरमध्येच हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख दिसतो, तेव्हा बटण दाबायच्या आधीच एक्स्पोजर खाली आणता येतं. माझ्या मते मिररलेसचा खरा फायदा हाच. डोळा ओळखून फोकस करणाऱ्या सोयीचं कौतुक फार होतं, पण दिंडीच्या गर्दीत ती एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारते. तिथे मी फोकससाठी लहानसा सिंगल पॉइंट, म्हणजे मी निवडलेला एकच बिंदू वापरतो.

सायलेंट शटरचं तंत्र मात्र नीट समजून घ्यावं लागलं. मुक्कामी रात्रीच्या कीर्तनात आवाज न करता फोटो काढता येणं ही केवढी मोठी सोय! पण सेन्सर चित्र ओळी-ओळीने वाचतो, त्यामुळे मांडवातल्या एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे उमटतात आणि धावत्या घोड्याचे पाय तिरके येतात. म्हणून रिंगणात नेहमीचं, आवाज करणारं मेकॅनिकल शटरच ठेवतो. कीर्तनात आधी एक-दोन फोटो काढून पट्टे येतात का ते पाहतो. येत असतील तर शटर स्पीड १/१०० किंवा १/५० वर आणतो. एफ/४ मुळे आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० पर्यंत न्यावा लागतो, पण त्यातला नॉइज, म्हणजे फोटोतले बारीक दाणे, मला खटकत नाही.

बॅटरीचा हिशेब बदलला. डी७५० ची एक बॅटरी दिवसभर पुरायची. मिररलेसमध्ये व्ह्यूफाइंडरचा पडदा सतत चालू असतो, त्यामुळे दुपारीच दुसरी लागते. डी७५० च्या जुन्या ईएन-ईएल१५ बॅटऱ्या झेड सिक्स टूमध्ये चालतात, म्हणून त्या ठेवल्या आणि डी७५० विकताना सोबत एकच दिली. ५० मिलिमीटरची एएफ-डी लेन्सही (हिच्यात फोकसची मोटर नसते) त्याच्याबरोबरच दिली, कारण जुन्या लेन्स मिररलेसला जोडणाऱ्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरमध्येही मोटर नसल्याने तिचा ऑटोफोकस चालत नाही. ७०-३०० एएफ-पी आहे, म्हणजे तिच्यात स्वतःची मोटर आहे, ती अ‍ॅडॉप्टरवर छान चालते. चांदोबाच्या लिंबाच्या उभ्या रिंगणाला पोहोचायच्या आधी, गाडीतच तिला कॅमेऱ्यावर चढवतो.