मे महिन्यातला ताडोबा: वाघाच्या फोटोसाठी पाणवठ्यावर थांबा

चार सफारी केल्या. तीन मोहर्ली गेटमधून कोअरमध्ये (जंगलाचा आतला गाभा), एक जुनोन्याच्या बफरमध्ये (गाभ्याभोवतीचा पट्टा). मनासारखे फोटो मिळाले ते एकाच दुपारी, आणि तेही जिप्सी जागची हलली नाही म्हणून.

पहिल्या दोन सफारींत नुसती पळापळ. सांबराचा कॉल, म्हणजे धोक्याची हाक, आला की वळव गाडी, समोरच्या ड्रायव्हरनं हात केला की सुसाट तिकडे. वाघीण दिसली, पण बांबूआड, पाठमोरी, आणि मध्ये डझनभर गाड्यांची धूळ. एकही फ्रेम ठेवण्याजोगी नाही.

तिसऱ्या दुपारी गाइडदादांना विनवलं, आज तेलिया तलावाकडे लावा आणि इंजिन बंद करा. ते म्हणाले, "नाही आला वाघ तर मंग आमाले म्हणू नका, भाऊ."

दीड तास काहीच नाही. मग काठावरची चितळं एकदम थबकली, सगळ्यांच्या माना एकाच बाजूला, शेपट्या उभ्या. वरून वानर खाकरलं. वाघीण गवतातून सरळ पाण्यापाशी आली, वळली आणि मागचे पाय आधी टाकत उलटी पाण्यात शिरली. पोटापर्यंत बुडून बसली, तोंड आमच्याकडे. उन्हाळ्यात वाघ बरेचदा असेच उलटे पाण्यात उतरतात, त्यामुळे घाई करू नका. पाठ दिसली म्हणून कॅमेरा खाली ठेवलात तर पुढचाच चेहऱ्याचा क्षण हुकतो.

बसलेल्या वाघाला १/२५० सेकंद शटर पुरतं, चालणाऱ्याला १/१००० हवंच. सावलीत त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० करावा लागला तर बिनधास्त करा. ग्रेन, म्हणजे फोटोतले दाणे, नंतर कमी करता येतो, हललेला फोटो सुधारत नाही. उन्हात डोळ्यांवरचे पांढरे पट्टे जळतात, म्हणून एक्स्पोजर पाऊण स्टॉप कमी, म्हणजे फोटो जरा गडद ठेवला. आणि कितीही महागडी लेन्स असो, तीनच्या उन्हात लांबचा फोटो धारदार येत नाही. तापलेल्या जमिनीवरची हवाच थरथरते. ऊन उतरेपर्यंत जवळचंच टिपा.

जिप्सीत ट्रायपॉडचा उपयोग नाही. कापडी पिशवी शिवून न्या, मुक्कामी पोचल्यावर त्यात तांदूळ भरा, झाली लेन्स टेकवायला बीनबॅग. धुळीत लेन्स बदलू नका. मला ६०० मिमीच्या प्राइमपेक्षा (झूम न होणारी लेन्स) १००-४०० झूम जास्त कामी आली. कारण सांगतो.

तासाभरानं वाघीण उठली आणि तिला रस्ता ओलांडायचा होता. तोवर तीन गाड्या जमल्या होत्या. आमच्या ड्रायव्हरनं न सांगता जिप्सी मागे घेतली, बाकीच्यांनाही खुणावलं. वाट मोकळी दिसताच ती आमच्या समोरून सावकाश गेली, पोटावरून ठिबकणाऱ्या पाण्याची रेघ धुळीत उमटवत. १०० मिमीवर अख्खी वाघीण, मागे तलाव. ड्रायव्हरला "अजून जवळ घ्या" म्हणणारे पर्यटक पाहिले की मला फार वाईट वाटतं. वाट अडवली की वाघ आत वळतो, आणि पाण्यावाचूनही राहतो.

मंगळवारी कोअर बंद असतं, पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबरही. बुकिंगला दिलेलं मूळ ओळखपत्रच सोबत हवं. कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, तेव्हा मनगटी घड्याळ बांधा आणि कॅमेऱ्यातली तारीख-वेळ आदल्या रात्रीच लावून ठेवा.