फजचा पाचवा घाणा: आता वडी पडते

मे महिन्यात हातात घेतलेलं फज (चॉकलेट आणि कंडेन्स्ड मिल्कची मिठाई) शेवटी नोव्हेंबरात वडीला आलं. मधले चार घाणे कुठे गेले, ते लिहून ठेवतो.

पहिला फजपर्यंत पोचलाच नाही. चॉकलेट एकटंच वितळवलं आणि नुकता धुतलेला, न पुसलेला चमचा त्यात फिरवला. बघता बघता चकचकीत चॉकलेटचा रवाळ गोळा! पाण्याचे दोन-चार थेंब पडले की साखरेचे नि कोकोचे कण एकमेकांना धरून बसतात. गंमत म्हणजे पातळ पदार्थ भरपूर असला तर असं होत नाही. म्हणून आता चॉकलेट आणि कंडेन्स्ड मिल्क पहिल्यापासून एकत्रच ठेवतो. तो गोळा गरम दूध घालून सैल केला, पोरांनी आइस्क्रीमवर ओतून संपवला.

दुसऱ्याला उतावळेपणा नडला. मायक्रोवेव्हमध्ये चॉकलेटचे तुकडे आतून वितळले तरी वरून आकार धरून राहतात. मला वाटलं अजून कच्चंच आहे, म्हणून फुल पॉवरवर आणखी दोन मिनिटं दिली. ढवळायला गेलो तर कडेनं तेल सुटलेलं आणि मधे चिखल. आता अर्धी पॉवर, 30 सेकंद, बाहेर काढून ढवळायचं, परत 30 सेकंद. शेवटचे चार-दोन तुकडे भांड्याच्या धगीवरच विरघळू द्यायचे.

तिसऱ्यात प्रमाण चुकलं आणि उरलीसुरली कसर नागपूरच्या उन्हानं काढली. कंडेन्स्ड मिल्कच्या 380 ग्रॅमच्या डब्याला फक्त 250 ग्रॅम डार्क चॉकलेट. फ्रिजमध्ये वड्या झकास दिसत होत्या. पण बाहेर 45 अंश, आणि कोको बटर 34 च्या आसपासच पाघळतं. कूलरसमोर बसून दोन गोष्टी बोलेपर्यंत ताटलीत शिरा! बाबा म्हणाले, "संत्रा बर्फी सोडून हे काय करून राहिला रे तू?"

चौथ्याला इतवारी बाजारातून डार्क कंपाउंडची लादी आणली. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेलापासूनचं फॅट असतं. वडी खणखणीत पडली, पण खाल्ल्यावर टाळूला मेण लावल्यासारखं वाटायचं.

पाचव्यात दोन्हींचा मेळ घातला: 300 ग्रॅम कंपाउंड, 150 ग्रॅम खरं डार्क चॉकलेट, तोच कंडेन्स्ड मिल्कचा डबा, 30 ग्रॅम लोणी, चिमूटभर मीठ. बटर पेपर लावलेल्या डब्यात ओतून चार तास फ्रिजमध्ये.

आणि आंबिया बहाराची संत्री आली होतीच, त्यामुळे मोह झाला. रस घालायचा नाही, वडी ढिली पडते. सालच हवी. पण आपल्या संत्र्याची साल सुटी, पोकळ. अख्खं फळ किसणीवर घासलं की ती आत दबते, फाटते आणि पांढरा कडू भागही किसात येतो. त्यापेक्षा साल सोलून घेतली, पाटावर उताणी दाबून आतला पांढरा भाग चमच्यानं खरवडला आणि उरलेला नारंगी पापुद्रा सुरीनं बारीक चिरला. एका संत्र्याचा जेमतेम दीड चमचा निघाला. मिश्रण उतरवल्यावर तो घातला. वास पहिल्या दिवशी दबलेला होता, दुसऱ्या दिवशी डबा उघडताच आला.

बाबांनी दोन वड्या खाल्ल्या. तिसरी उचलताना म्हणाले, "थोडी कडवट आहे."