नाहीतर काय?

बोअरची मोटर चालू करायला हिरवं बटन, बंद करायला लाल. त्याला सूचनांचा कागद कशाला लागतो? पण आमच्याकडे थ्री फेज लाईट (मोटरीला लागणारी तीन तारांची वीज, एकेक तार म्हणजे एकेक फेज) कधी दिवसा, कधी रात्री. त्यातही एखादा फेज मध्येच उडालेला. म्हणून गावाला जाताना भाच्यासाठी स्टार्टरच्या पेटीवर कागद चिकटवायचा म्हटलं, की बटनं राहतात एका ओळीत आणि बाकी सगळा कागद ‘जर-तर’च खातं.

‘हिरवं बटन दाब, पण आधी तिन्ही फेज बघ’ असं लिहून चालत नाही. वाचणारा ‘पण’पर्यंत पोचेस्तोवर बोट बटनावर गेलेलं असतं. अट आधी, काम मागून: ‘लाल, पिवळा, निळा, तिन्ही दिवे लागले असतील तरच हिरवं बटन दाब.’

“मामा, दोनच लागले तर?”

बरोबर विचारलं पोरानं. दोन फेजवर मोटर नुसती घुमते आणि वाइंडिंग, म्हणजे आतलं तारांचं वेटोळं, जळतं. म्हणून पुढची ओळ: ‘दोनच लागले तर बटनाला हात लावू नको. वायरमनला फोन कर, घरी जा.’ ‘घरी जा’ हेही लिहावं लागतं, नाहीतर पोरगं पेटीपाशीच बसून राहायचं.

खरी गंमत अँपिअरच्या काट्याची, मोटर किती करंट ओढते ते दाखवणाऱ्या. काटा रोज जिथं थांबतो तिथं काचेवर नेलपॉलिशची खूण केलीय. काटा खुणेच्या बराच खाली आला, म्हणजे बोअरचं पाणी उतरलं: लाल बटन, तासभर थांब, पुन्हा पहिल्या ओळीपासून. बराच वर गेला, म्हणजे व्होल्टेज कमी किंवा मोटर अडकलेली: लाल बटन, आणि मी येईपर्यंत चालू करायची नाही. बटन एकच, पुढची वाट वेगळी. आणि ‘पुन्हा पहिल्या ओळीपासून’ला कुठंतरी शेवट हवा, म्हणून: ‘दुसऱ्यांदाही काटा उतरला तर आज भिजवणं बंद.’

या बाबतीत मला कृषी विभागाचा जूनमधला सल्ला आवडतो. ‘चांगला पाऊस झाल्यावर पेरा’ असं मोघम नाही, 75 ते 100 मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका. पाऊस लांबलाच, तर मूग-उडीद सोडा, बाजरी-सूर्यफुलाकडे वळा, हेही सांगितलेलं. (पाऊस मोजायचं यंत्र महसूल मंडळाच्या गावाला आणि आपलं शिवार दुसरीकडं, ही गोष्ट वेगळी.) उलट अर्जांवरचं ते ‘लागू असल्यास’! लागू आहे का, हेच तर माणूस विचारायला आलेला असतो.

लाईटच आली नाही तर काय, हे मात्र कागदावर घेतलं नाही. तेवढं भाच्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.